फिर्मांचं नाक

बरगंडीतल्या आमच्या उतारावर फिर्मां पेरोदँसारखं नाक दुसऱ्या कुणाला नव्हतं, आणि ही गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा सांगायचा तो स्वतः फिर्मांच. एकदा म्हणे त्यानं तळघराच्या दारातूनच सांगितलं होतं, अमुक पिंपाखाली उंदीर मेलाय, आणि तोही नर. उंदीर सापडला. नर की मादी ते कुणी उलटून बघितलं नाही, पण गोष्ट तशीच चालू राहिली.

मोरिझो मालकांच्या भिंतीच्या मळ्याचा तो एकेचाळीस वर्षं तळघराचा कारभारी. मळा द्राक्षांचा, जुना, मठातल्या साधूंनी लावलेला. भोवतीची दगडी भिंतही त्यांचीच. उतार असा, की पावसाळी वर्षात माती धुपून पायथ्याशी येते. मग हिवाळ्यात ती टोपलीत भरायची आणि पाठीवरून परत वर न्यायची. साधूंनी नेली, फिर्मांच्या पणजोबानं नेली, बापानं तर कमरेचा काटा ढिला होईपर्यंत नेली. फिर्मांची पाठ तेवढी सरळ राहिली, कारण सत्ताविसाव्या वर्षी त्याच्या गळ्यात चांदीची वाटी पडली. वाईन चाखायची ती उथळ वाटी ज्याच्या गळ्यात, त्याचा शब्द तळघरात शेवटचा. बाकीच्यांना टोपली.

वाटी टिकवायची रीतही ठरलेली. जानेवारीत सेंट व्हिन्सेंटच्या सणाला तळघरातच दुपारचं जेवण. जेवणानंतर वाटीवाल्यापुढे एक अनोळखी पेला यायचा. मळ्याचे पट्टे तीन : खालचा, मधला, आणि भिंतीलगतचा वरचा. पेल्यातली वाईन कुठल्या पट्ट्यातली ते सांगायचं. चुकला की वाटी काढून ठेवायची.

फिर्मां कधी चुकला नाही. उलट दुसऱ्यांची फजिती करण्यात त्याला भारी गोडी. एका सणाला त्यानं बाझिल नावाच्या पिंपवाल्याला सगळ्यांनी चाखून थुंकलेल्या बादलीतली वाईन पाजली होती. बाझिल डोळे मिटून म्हणाला, "वा, मधला पट्टा!" हसून हसून लोक बाकांवरून खाली आले. बाझिल पुन्हा त्या टेबलावर बसला नाही. त्याचा मुलगा तिबो मात्र त्याच तळघरात कामाला राहिला, खाली मान घालून.

आणि मग गेल्या हिवाळ्यात फिर्मांला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. कॉफीचा नाही, शेणाचा नाही, वाईनचा तर नाहीच. जिभेवर नुसतं आंबट आणि तुरट.

हे कळलं एकट्या क्लोतिल्दला, त्याच्या बायकोला. रडला तिच्यापुढे. मग तीच वर्षभर रोज सकाळी, कामकरी यायच्या आत, तळघरात उतरायची. पिंपांना नाक लावून सांगायची, हे याच्यात घाल, ते वेगळं ठेव. चाळीस वर्षं त्याची बडबड ऐकून, त्याच्या सदऱ्यांवरचे डाग धुऊन, तिला सगळं येत होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

सणाच्या जेवणात बायका टेबलाला बसत नाहीत, वाढतात. म्हणून दोघांनी ठरवलं : चीज घालून भाजलेले पोकळ फुगे वाढत ती मागून येणार, पेल्यावरून वास घेणार, आणि त्याच्या खांद्यावर बोटं दाबणार. एक बोट खालचा, दोन मधला, तीन वरचा.

सकाळी त्याच्या गळ्यात वाटी अडकवताना ती म्हणाली, "आज मालकांना एवढं सांगशील? की यंदाची पिंपं मी जुळवली म्हणून?"

"वेडी का तू! लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे की."

"बघू," फिर्मां म्हणाला.

जेवण रंगलं. मोरिझो मालकांनी नवी वाईन चाखली आणि पेला पुन्हा पुढं केला. मग म्हणाले, "फिर्मां, वीस वर्षांत अशी जुळणी झाली नाही. केलंस काय यंदा?"

क्लोतिल्द ताट धरून तिथंच उभी.

"नाक, मालक, नाक!" फिर्मांनं नाकपुडीवर टिचकी मारली. "घरात दोन नाकं आहेत. एक वाईनचं, आणि एक आमच्या हिचं, कांदा करपला की कळायला! तेही करपल्यावर!"

टेबल हसून लोटपोट. मालकही हसले. क्लोतिल्द ताटातले फुगे सरळ करत राहिली.

तेवढ्यात तिबोनं पेला आणून ठेवला. "घ्या, फिर्मां काका." तिबोनं शरद ऋतूत एक गोष्ट पाहिली होती. एक पिंप फुटक्या बुचामुळं आंबून चक्क व्हिनेगर झालं होतं, आणि फिर्मां त्यालाच टेकून उंदराची गोष्ट सांगत उभा होता. त्या दिवसापासून तिबो या सणाची वाट बघत होता. पेल्यात बादलीतलंच होतं, फडक्यातून दोनदा गाळलेलं. मेणबत्तीच्या उजेडात लाल दिसायला कसं सुंदर!

क्लोतिल्द वाकली. तिच्या नाकात वीस तोंडं शिरली : लसूण, तंबाखू, किडके दात, चावलेला पाव. तिनं तिबोकडे पाहिलं. तिबोचा चेहरा पांढरा पडला. बाई आता बोलणार.

बाईनं नवऱ्याच्या खांद्यावर तीन बोटं दाबली. चांगली घट्ट.

फिर्मांनं घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. "वरचा पट्टा," तो म्हणाला. "भिंतीलगतचा. अहाहा! साधूंच्या घामाचा वास येतोय याला." आणि उरलेला पेलाही रिकामा केला.

तिबोनं बादली उचलून टेबलावर ठेवली.

आधी हसले ते मालकच. मग असं हसू फुटलं की मेणबत्त्या विझल्या. एकजण ओरडला, "साधूंचा घाम नाही रे, माझी लाळ!" फिर्मांनं मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती फुगे वाढत पुढं गेली होती.

वाटी तिबोच्या गळ्यात गेली. यंदा माती बरीच उतरली होती, त्यामुळे अडुसष्टाव्या वर्षी फिर्मांच्या पाठीवर टोपली आली. तिसऱ्या खेपेला त्याची कंबर बापासारखी वाकली, आणि खालून कुणीतरी विचारलं, "काका, मातीला वास येतो का?"

घरी आला तेव्हा क्लोतिल्दनं गरम सूप पुढं ठेवलं. त्यानं चमचा भरला आणि तोंडाशी नेऊन थांबला.

"काय घातलंयस यात?"

"कांदा," क्लोतिल्द म्हणाली, आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "खा."

फिर्मांनं चमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खाल्लं. अजूनही रोज खातो.