गच्चीवरचा ठोका

नातीले डिग्री भेटणार होती, म्हणून मी अन् माही लेक बाभुळगावहून पहिल्याच एसटीनं निघालो. लेक आदल्या दिवशी सांजवरी कापूस वेचत होती. हॉलच्या पायरीवर मी चपला काढल्या. नात हासली, म्हणे आजी, हे काई देऊळ नोहे. मी म्हटलं, राहू दे, मले इथं अशीच सवय हाय.

या हॉलची गच्ची आम्ही कुटली हाय.

तवा माहा मालक वारून लय दिवस झाले नव्हते. हेच लेक अंगावर पेत होती. गावात काम नव्हतं, तं बायाईच्या टोळीसंगं शहरात आली. हॉल इंग्रजाच्या राज्यातला. काळ्या दगडाच्या भिंती, एवढ्या जाड का खिडकीत माणसानं आडवं व्हावं. आत सागाचे खांब, त्याईच्यावर चारी बाजूनं सज्जा, अन् पार छताखाली रंगीत काचाचे झरोके. तिथला चौकीदार बुढा सांगे, तवा पंखे नव्हते, गरम हवा निंघून जावाले ते झरोके ठेवले. एका मालदारानं आपल्या मेलेल्या पोराच्या नावानं हॉल बांधून देल्ला, हेही त्यानंच सांगतलं.

छत गळत होतं. जुनं उखडून नवा चुना टाकला, त्यात विटाचा चुरा, वरतून गुळाचं अन् बेलफळाचं पाणी. मंग आम्ही बाया रांगेनं उकिडव्या बसून लाकडाच्या थापीनं कुटत जाव, गाणं म्हणत, सगळ्याईचा एकच ठोका. ओल्या चुन्यावर रांग तुटली का तिथंच भेग पडते. म्हणून खाली लेकरू रडलं तरी कोणी उठत नसे.

ऊन असं का गच्चीवर लेकरू टिकलं नसतं. मी चौकीदाराले हात जोडले. आत कोणाले सोडाचा हुकूम नव्हता, तरी त्यानं सज्ज्याखालच्या खांबाले झोळी बांधू देल्ली. खाली लेक, वर मी, मधात छत. ठोका चालू असला का ते झोपे. आम्ही पाणी प्यायले थांबलो का टाहो फोडे. आमची म्होरकी बुढी मले चिडवे, "तुह्या पोट्टीलेच मुकादम करा लागते. घडीभर टेकू देत नाई."

मंग पोट्टीले हगवण लागली. दूध पेईना. मालकाले मातीत देऊन आली होती, आता इलेही द्या लागते का, हे कुटता कुटता मनात ये.

एका दुपारी पट्टा पुरा झाला, थाप्या थांबल्या. खालून रडणं आलं नाई. बुढी हळूच म्हणे, "जाय वो माय."

शिडी कशी उतरली ते आठवत नाई. झोळी रिकामी होती. चौकीदार फरशीवर बसला होता, पुढं लेक, आंगावर त्याचा ओला दुपट्टा. मी तिच्या नाकापाशी बोटं नेली. बोटाईले श्वास लागला.

"झोपली हाय," बुढा म्हणे. "फरशी गार हाय म्हणून खाली घेतली. मीठ-साखरेचं पाणी पेली चमच्यानं. तुमचा ठोका थांबला, तं मी हातानं थोपटून राह्यलो."

आता तो बुढा नाई. पंखे आले, मऊ खुर्च्या आल्या. खांब तेच हायत. आम्ही सज्ज्याखाली एका खांबाजवळच बसलो. कोणाकोणाचे सत्कार झाले, भाषणं झाली, टाळ्या थांबेचनात. वळून पाह्यलं तं लेक खांबाले डोकं टेकून झोपली होती. केस पांढरे व्हाले लागले तिचे. मी उगाच तिच्या नाकापाशी बोटं नेली. शेजारची बाई मले पाहून राह्यली, पाहू देल्लं.

उठवाव का नाई, इचार करून राह्यली. तेवढ्यात माईकवरून सांगतलं, आता टाळ्या बंद करा, पोराईचे नावं घ्याचे हायत. हॉल चिडीचूप झाला.

लेकीनं डोळे उघडले.

"काय झालं वो माय?"

"काई नाई," मी म्हटलं. "तिकडं पाय. तुही पोरगी उभी हाय."