नातीच्या डोक्यावरचं पाणी

वाद घालायला मला आवडतं, हे आधीच कबूल करते. तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातून हा गुण अंगात मुरला. आळेफाट्यावर आम्हा कॅथलिकांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. महिन्यातून एकदा फादर येतात आणि आमच्याच घरच्या हॉलमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होते. शेजारणी सगळ्या देवांना हात जोडतात, त्यात येशूची आई, आमची मरियाही आली, मग त्यांच्याशी भांडायचं तरी कशावरून? भांडायला मिळाली ती एक नर्स. इथल्याच एका प्रसूतिगृहात कामाला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि बाप्तिस्मा मोठेपणी, समजून-उमजून, पाण्यात पूर्ण बुडूनच घ्यायचा असं मानणाऱ्या मंडळीतली.

ड्यूटी संपली की ती चहाला यायची. चहा उकळेपर्यंत पिशवीतून बायबल बाहेर.

"मरियेला कशाला मध्ये घालता बाई? सरळ प्रभूला सांगा की."

"तू आजारी पडलीस की मंडळीतल्या बायकांना प्रार्थना करायला सांगतेस ना?"

"त्या जित्या हायेत."

"आणि मरिया मेली असं तुला कोण म्हणालं?"

ती हसायची आणि अजून अर्धा कप मागायची. कोणी कोणाला पटवलं असं कधी झालं नाही, पण दोन दिवस ती आली नाही तर मला करमत नसे.

सर्वांत जोराचं भांडण बाळांच्या बाप्तिस्म्यावरून, ज्याला आम्ही स्नानसंस्कार म्हणतो. एकदा त्यांच्या मंडळीने आमच्यातल्या एका तरुणाला कालव्यात उतरवून पुन्हा बाप्तिस्मा दिला, तेव्हा तर मी आठवडाभर धुमसत होते. "एकदा दिला तो दिला," मी तिला सुनावलं. "देव काय विसरला होता, म्हणून परत आठवण करून दिलीत?" ती म्हणाली, तान्ह्या बाळाला काय कळतंय, त्याला पाणी घातलं काय नि न घातलं काय. मग मी आमचा हुकमी मुद्दा काढला. बाळ जाईल अशी वेळ आली तर फादरसुद्धा लागत नाहीत, कोणीही देऊ शकतं. देणाऱ्याचा विश्वास असायलाच हवा असंही नाही. पाणी, ते ठरलेले शब्द आणि चर्च जे करतं तेच करायचा हेतू, एवढं पुरे.

"म्हंजी मी दिला तरी चालंल?" तिने डोळे मोठे केले.

"चालेल," मी ऐटीत म्हणाले. तिला शब्दही म्हणून दाखवले.

त्यानंतर काही महिन्यांनी मी आहुप्याला एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेले. तिथे मोबाइलला रेंज नाही. परतताना एसटीतून घोडेगाव जवळ आलं आणि फोन एकदम वाजायला लागला; नर्सचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. सुनेला सातवा महिना चालू होता. मुलगा पुण्यात नोकरीला, म्हणून ती माझ्याकडे होती, आणि मी तिला शेजारणीच्या भरवशावर सोडून लग्नाचं जेवायला गेले होते. मी नर्सलाच फोन लावला.

"नात झाली बाई," ती म्हणाली. "सूनबाई बरी हाय. पोरगी लई बारीक. रडली न्हाई, निळी पडली व्हती. आत्ताच ॲम्ब्युलन्सनं पुण्याला न्हेली." जरा थांबून म्हणाली, "तुमचा फोन लागंना, मग तुमच्या मुलाला इचारलं. तो म्हणला, आईनं जे केलं असतं ते करा. मी पाणी घातलं तिला."

मला धक्का बसला. जिने मला चार वर्षं ह्याच गोष्टीवरून छळलं, तिने माझ्या नातीला स्नानसंस्कार दिला होता. आणि मी काय बोलले? आजही सांगताना लाज वाटते.

"शब्द नीट म्हटलेस ना? पाणी डोक्यावरून वाहिलं का नुसतं बोट लावलंस?"

"वाहिलं. तीनदा," ती हळू आवाजात म्हणाली.

एसटीत शेजारी बसलेल्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. बाळ जगतंय की नाही हे विचारायच्या आधी मी तपासणी करत होते.

नात जगली. दोन महिने काचेच्या पेटीत राहून घरी आली. फादर पुढच्या खेपेला शनिवारी येणार होते, तेव्हा तेल लावणं वगैरे स्नानसंस्कारातले राहिलेले विधी ठरवले आणि नर्सलाही जेवायला बोलावलं. त्याआधी मी फादरांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, तुम्ही एकदा परत पाणी घाला, नुसतं खात्रीसाठी. तिचा यावर विश्वास नाही, कुणास ठाऊक कुठल्या हेतूने घातलं. बोलताना माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. कालव्यातल्या त्या मुलावरून आकाशपाताळ एक करणारी मीच होते.

फादरांनी तिला आत बोलावलं आणि माझ्यादेखत सरळ विचारलं, त्या वेळी मनात काय होतं?

"मला पटत न्हाई, अजून बी न्हाई," ती म्हणाली. "पण बाईंचा जीव यात हाय, ते ठाऊक व्हतं. तुमचं चर्च जे करतं तेच करायचं, असं मनात म्हणले आन् घातलं."

"मग झालं. पुन्हा द्यायचा प्रश्नच नाही," फादर म्हणाले. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या मंडळीत कळलं का?"

"मीच सांगितलं पाळकांना. लपवायचं कशाला? तान्ह्याला पाणी घातलं म्हणून तीन महिनं प्रभुभोजनाला बाजूला बसा म्हणले. भाकर घ्यायची न्हाई. आता दोन रविवार राह्यलेत." बोलता बोलता तिने माझ्या खांद्यावरच्या नातीच्या तोंडाची लाळ पुसली.

इतके आठवडे ती रोज चहाला येत होती. तिच्यासाठी प्रभूच्या आठवणीत मोडलेली ती भाकर काय आहे, हे माझ्याइतकं फाट्यावर कोणाला माहीत असणार?

"मला का नाही सांगितलंस?" मी कशीबशी म्हणाले.

"तुमी लगेच आमच्या पाळकांशी वाद घालाय आल्या असत्या."

फादर हसले. मला हसता आलं नाही, कारण पाळकांना काय सुनावायचं याचा पहिला मुद्दा एव्हाना माझ्या डोक्यात तयारही झाला होता.