जांभळ्या बाहुल्याची चकती

ज्यांनी हा खेळ बनवला, त्यांनी माझ्या मुलीला फसवलं. पैठण गेटच्या दुकानदारानं फसवलं नाही, आणि ज्यांच्याकडून मी जुनं मशीन घेतलं त्या बाईंनीही नाही. दुकानदाराशी माझं भांडण झालं, ते मिटलं, आता त्याच्याकडे गेलो की तो चहा सांगतो. खेळ बनवणाऱ्यांशी भांडायला मात्र मला माणूसच सापडत नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझा धंदा जळक्या मोटरींचा. वाळूजच्या कारखान्यांतून जळालेल्या मोटरी वजनावर उचलायच्या आणि चितेगावच्या शेडमध्ये आणून खोलायच्या. चालण्यासारखी असेल ती नवं वाइंडिंग करून विकायची, नसेल तर तांबं वेगळं, लोखंड वेगळं. या धंद्यात मी एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकलो आणि कधी विसरलो नाही: काट्यावर चढवण्याआधी मोटरीच्या खालचा बिडाचा पाया काढायला लावायचा. विकणाऱ्याला तो पाया वजनात घालायचा असतो, कारण बीड जड असतं आणि स्वस्तही. मी पाना खिशातच ठेवतो. पाया काढा, मग वजन करा. कित्येक स्टोअरकीपर माझ्यावर चिडले, पण पायाचे पैसे मी कुणाला दिले नाहीत.

भाव करायला मी वडिलांकडून शिकलो. ते मेंढरं राखायचे. आठवड्याच्या बाजारात सौदा तोंडानं होत नसे. वडील आणि व्यापारी उपरण्याखाली हात धरायचे, बोटं दाबून आकडा सांगायचे, आणि भोवती उभ्या असलेल्यांना काहीच कळायचं नाही. मी बाजूला उभा असायचो. एकदा मी मधेच बोललो, की आपली ही मेंढी तर काल लंगडत होती. त्या दिवशी घरापर्यंत वडील माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून नियम पक्का: सौदा चालू असताना घरच्या माणसानं तोंड उघडायचं नाही.

हाच नियम मी मुलीला लावला. ती आता दहा वर्षांची आहे. पाच वर्षांची होती तेव्हापासून मी तिला बाजारात नेतो. दुकानात शिरलो की ती माझा हात धरते. आमच्या दोनच खुणा. एकदा हलकं दाबलं तर वस्तू आवडली नाही, चला. जोरात दाबलं तर भाव अजून उतरतो, ताणा. पोरीची नजर तेज आहे. दुकानदार खोटं हसला की तिला माझ्याआधी कळतं.

मशीन आलं ते असं. कारखान्यातले एक इंजिनिअर बदली होऊन पुण्याला निघाले होते. त्यांच्या बाईंनी सामान विकायला काढलं, त्यात टीव्हीला जोडायचं खेळाचं जुनं मशीन होतं. सोबत एक खेळ, बशीएवढा एक चौथरा, आणि बोटभर उंचीचे तीन बाहुले. बाहुला चौथऱ्यावर ठेवला की तो टीव्हीत जिवंत होऊन पळायला लागतो. बाईंनी सहा हजार सांगितले, मी साडेतीनवर आणलं. बाई म्हणाल्या, घ्या दादा, आमचा मुलगा मोठा झाला आता. मी खुशीत गाडीवर बांधून आणलं. वाटलं, आज आपण मारली बाजी.

आठ दिवसांत खरं काय ते कळलं. त्या खेळात जागोजाग रंगीत दारं आहेत. लाल दार लाल जातीच्या बाहुल्यानंच उघडतं, निळं निळ्यानं. एकूण सहा रंग. आपल्याकडे तीन. मुलगी दारासमोर जाऊन उभी राहायची आणि टीव्हीवर त्या रंगाच्या बाहुल्याचं चित्र यायचं, की हा आणा. मी तिला म्हटलं, म्हणजे घर विकत घेतलं आणि खोल्यांच्या किल्ल्या वेगळ्या विकायला ठेवल्यात? ती म्हणाली, "व्हय. आणि किल्ल्या आता बनतच नाहीत, पप्पा. कंपनीनं बंद केल्या."

बनणं बंद झालेल्या मालाचं काय होतं ते मला सांगायला नको. जुन्या मोटरीचं बेअरिंग बनणं बंद झालं की तेच बेअरिंग सोन्याच्या भावात जातं. तसंच झालं. हिरवा बाहुला नाशिकच्या एका माणसाकडून पार्सलनं मागवला, अकराशे. निळा आला तो चौथऱ्यावर ठेवला तरी मशीन ओळखेना, परत पाठवला, दुसरा घेतला. पार्सलचे पैसे दोन्ही वेळा आमचेच. असं करत वर्षभरात पाच रंग झाले. मधल्या काळात मी खोटं बोलणार नाही, मजाही आली. संध्याकाळी जेवणाआधी आम्ही दोघं बसायचो. मला ते बटणांचं यंत्र नीट धरता येत नाही, माझा बाहुला सारखा दरीत पडतो. मुलगी म्हणते, तुम्ही नुसते मागं मागं या, मी लढते. मी मागं मागं जातो. दिवसभर कारखान्याच्या गेटवर वाद घालून आलेल्या माणसाला असं कुणाच्या मागं मागं चालणं बरं वाटतं.

शेवटी राहिला जांभळा. तो सगळ्यात दुर्मीळ. मुलीनं ठरवलं की हा आपल्या पैशानं घ्यायचा. मामानं दिलेले, वाढदिवसाचे, पहिला नंबर आल्यावर आत्यानं दिलेले, असे तिनं अठराशे रुपये साठवले होते. नोटा तिनं कंपासपेटीत सरळ करून ठेवल्या होत्या. जांभळा पैठण गेटच्या एका दुकानात असल्याचा पत्ता तिनंच काढला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, पण काचेच्या कपाटात जुनी खेळणी, जुने खेळ. दुकानदार माझ्याच वयाचा, पांढरी दाढी, सावकाश बोलणारा. मी ठरवलं, तिचे अठराशे काही सगळे जाऊ द्यायचे नाहीत.

त्यानं दोन हजार सांगितले. मी हसलो. तो पंधराशेवर आला आणि तिथं रुतून बसला. मी बाहुला हातात घेतला. खाली प्लॅस्टिकची जाड चकती, त्यावर बाहुला उभा, खालून एक स्क्रू. माझा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे गेला. मी म्हटलं, ही चकती आम्हाला नको, नुसता बाहुला द्या. हिचे पैसे कमी करा.

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं, मग चकतीकडे. म्हणाला, चकती काढून सहाशे.

त्याच क्षणी मुलीनं माझा हात दाबला. जोरात. नखं रुतली इतक्या जोरात. मला आनंद झाला. पोरीला दिसलंय की हा अजून उतरतो. मी चारशे म्हटलं. तिनं पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी. मी ताणून धरलं. पाचशेवर सौदा झाला. त्यानं स्क्रू काढला, चकती ड्रॉवरमध्ये टाकली आणि बाहुला कागदात गुंडाळला. मुलीनं कंपासपेटीतून पाचशे मोजून दिले. तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, पहिल्यांदाच स्वतःचे पैसे जाताना असं होतंच.

घरी आल्यावर तिनं बाहुला चौथऱ्यावर ठेवला. टीव्ही तसाच. ती मला दोष न देता सांगायला लागली, की मशीन बाहुल्याला ओळखत नाही, चकतीला ओळखतं. चिप चकतीत असते. वरचा बाहुला नुसता शोभेला.

मी विचारलं, मग तिथं का नाही बोललीस?

"तुम्हीच म्हणले ना, भाव चालू असताना बोलायचं नाय. मी हात दाबला तर तुम्ही अजून कमी करायला लागले."

खरं होतं. आमच्या खुणांमध्ये 'थांबा' ही खूणच नव्हती. पाच वर्षांत मला तिची गरज वाटली नव्हती.

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "पायाच काढून आणला व्हय? उद्या फ्रीज घ्यायला जाल तर म्हणाल, दार नको, तेवढे कमी करा." मुलगी तो बाहुला कपाटात इतर बाहुल्यांच्या रांगेत ठेवत होती, पण चकती नसल्यामुळे तो उभा राहत नव्हता. शेवटी तिनं त्याला भिंतीला टेकवून बसवलं. पाचशे माझ्या खिशातून गेले असते तर मी शिव्या देऊन विसरलो असतो. हे तिचे होते. आणि पैशापेक्षाही, बाजारात पप्पा चुकत नाहीत असं ती आजवर धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी शटरसमोर उभा होतो. तो आल्याबरोबर जे बोलायला नको ते बोललो. तुला माहीत होतं, तू मुद्दाम काढून दिलीस, लेकराच्या पैशावर हात मारलास. आजूबाजूचे दुकानदार जमले. त्यानं कुलूप उघडलं, उदबत्ती लावली, मग शांतपणे म्हणाला:

"सेठ, तुमीच बोले ना, चकती नक्को बोल के. मैं क्या जबरदस्ती निकाला?"

मी आवाज वाढवला. त्यानं चकतीचे हजार सांगितले. मी म्हटलं, या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही, आणि गाडीला किक मारली.

मुलीचा हजार रुपयांचा हट्ट नव्हता. मी म्हटलं माझ्या पैशानं आणतो, तर नको म्हणाली. चार दिवस गेले. रविवारी ती म्हणाली, मला पैठण गेटला न्या. तुम्ही बाहेर गाडीपाशी थांबा. आणि आज तुम्ही बोलायचं नाय.

मी थांबलो. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. ती काउंटरपेक्षा जेमतेम डोकंभर उंच. तिनं जांभळा बाहुला काढून काउंटरवर आडवा ठेवला. ती बोलत होती, तो ऐकत होता. मग त्यानं ड्रॉवर उघडला, आणि एक नाही, पाच-सहा चकत्या काउंटरवर ओतल्या. दोघंही त्यांच्याकडे बघत बसले. मग तो हसायला लागला. थोड्या वेळानं त्यानं मला हातानं आत बोलावलं. पायरी चढणार नाही असं म्हटलं होतं, पण पोरगी आत होती.

आत काय झालं ते त्यानंच सांगितलं. ती म्हणाली होती, "चाचा, चकतीवर नाव नसतं. सगळ्या काळ्या. यातली जांभळ्याची कोणती, हे तुम्हाला ठाऊक नाय. तुमच्याकडं मशीनबी नाय. माझ्याकडं आहे. मी सगळ्या घरी नेऊन लावून बघते, प्रत्येकीवर नाव लिहून आणते. मग तुम्हाला विकता येतील. माझी मला द्या."

इतर चकत्या कुठून आल्या ते मी विचारलं. तो म्हणाला, गिऱ्हाईक शोपीस म्हणून नुसता बाहुला मागतात, तुमच्यासारखेच. मी एकटाच नव्हतो हे ऐकून थोडं बरं वाटलं. सौदा ठरला तो असा: तिनं नावं लिहून द्यायची आणि वर दोनशे द्यायचे, की जांभळ्याची चकती तिची. मी सवयीनं दीडशे म्हणायला तोंड उघडलं, तर मुलीनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. मग चहा आला. तिच्यासाठी त्यानं बिस्किटं मागवली.

म्हणजे जांभळा सातशेला पडला. पंधराशेच्या मालाला सातशे, शिवाय तिच्या पेटीत अकराशे शिल्लक. मी घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, हिशोब बरोबर आहे, फक्त तुमचा त्यात काही संबंध नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीपुढे बसलो. मुलीनं एकेक चकती लावली, चिठ्ठ्या चिकटवल्या. चौथी जांभळ्याची निघाली. तिनं स्क्रू बसवला, बाहुला उभा केला, आणि वर्षभर बंद असलेल्या दाराकडे चालत गेली. दार उघडलं. आत एक छोटी बाग, एक पूल, चार नाणी आणि एक पेटी. पेटीत टोपी. पाच मिनिटांत सगळं बघून झालं. मी विचारलं, बस, एवढंच? ती ऐकतच नव्हती. तिनं ती टोपी सगळ्या बाहुल्यांना आळीपाळीनं घालून बघितली, आणि लाल बाहुल्याला घातल्यावर तिला इतकं हसू आलं की तिची आई उठून जवळ येऊन बसली.

मी त्या बागेकडे बघत होतो. ती बाग नाशिकहून आली नव्हती, चकतीतूनही आली नव्हती. बाईंनी मशीन दिलं त्याच दिवसापासून ती आमच्या घरात होती, पहिल्या पैशातच आलेली. दार तेवढं कुणीतरी मुद्दाम बंद करून ठेवलं होतं. मी आयुष्यभर भाव केले, लोकांचा पाया सोडवून घेतला, पण विकलेल्या वस्तूच्या आत कुलूप लावून कधी दिलं नाही. मोटर दिली ती फिरणारी दिली.

माझी पोरगी खूश आहे, घर खूश आहे, दुकानदारानं तर तिला पुढच्या चकत्यांचं कामही सांगितलंय. आमचं नुकसान मी मागत नाही. पण ज्या माणसानं टेबलाशी बसून ठरवलं की ही बाग लेकराला दाखवायची पण द्यायची नाही, आणि मग किल्ल्या बनवणंही बंद करायचं, तो कुठंतरी असणारच. त्यानं समोर यावं. मला एवढंच सांगावं, की पैसे घेऊन झाल्यावर ते दार कुणाच्या हक्कानं बंद ठेवलं.