ओढ्याकाठच्या बाई

पावसाबरोबर रस्त्यावरची घाण नाल्यात वाहून जाऊ नये, म्हणून मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचं काम मी पुण्यात पाहतो. एकदा आढावा बैठकीत एका छोट्या नगरपालिकेत हेच काम पाहणाऱ्या बाई शेजारी बसल्या होत्या. बोलताना त्या सारखा चष्मा डोक्यावर सरकवत. धायरीच्या नाल्यावर मी बसवलेल्या, कचरा अडवणाऱ्या जाळ्यांचे फोटो साहेबांनी नीट पाहिलेही नाहीत. बाईंच्या ओढ्याच्या फोटोत मात्र मासे दिसले आणि साहेब खुर्चीत पुढे सरकले. माझा नुसता जळफळाट झाला.

चहाच्या वेळी मी विचारलं, "अहो, तुम्हाला अनुदान वेळेवर मिळतं वाटतं?"

"कुठलं हो! पण माझं घर ओढ्याला लागून आहे. वास आला की जेवण जात नाही."

मी कोथरूडला, त्या नाल्यापासून लांब राहतो. संध्याकाळी मुद्दाम धायरीच्या नाल्यापाशी जाऊन गाडीची काच खाली केली. भपकन वास आला; काच वर केली की गेला. बाईंचा आणखीच हेवा वाटला.