इथे उतरलो असतो तर

तुमच्या आईने फोनवर सांगितलं की येत्या सुट्टीत तुम्ही मोठ्या बोटीने फिरायला जाताय आणि बंदरांवर उतरून काय बघायचं यावरून तुम्हा बहीणभावाचं आत्तापासूनच वाजलंय. एकाला किल्ला हवा, एकीला पाण्यात डुंबायचंय, आणि एका दिवसात दोन्ही बसत नाही. मला हसू आलं. हे भांडण आपल्या घरात जुनं आहे. फरक एवढाच, की आम्ही भांडायचो तेव्हा आम्हाला वाटेत कुठेच उतरायचं नसायचं.

तेव्हा मुंबईहून कोकणात बोटी जायच्या. मे महिन्यात माझे बाबा आम्हाला गावी न्यायचे, जयगडला. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या धाकट्या भावाला, तुमच्या मामाआजोबांना. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. डेकवर सतरंजी पसरायची, ट्रंक उशाला घ्यायची, आईच्या हातात बोट लागू नये म्हणून लिंबू. बोट वाटेतल्या बंदरांवर थांबायची, पण काठाला लागायची नाही. खोल पाण्यात उभी राहायची, आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, माणसं न्यायला यायच्या. उतरणारे उतरायचे. आमची तिकिटं जयगडची, म्हणून आम्ही कठड्याला नाक लावून बघत राहायचो.

तिथे बाबांचा एक खेळ होता. प्रत्येक बंदराला ते विचारायचे, "इथे उतरलो असतो तर काय पाहिलं असतं?"

मी नीट विचार करून निवडायचे. हर्णैला पाण्यातला किल्ला, दाभोळला खाडीपलीकडचं दीपगृह, आणखी कुठे टेकडीवरचं पांढरं घर. एका बंदराला एकच गोष्ट, बदलायची नाही, असा नियम मीच केला होता. तुमचे मामाआजोबा मात्र प्रत्येक बंदराला तेच उत्तर द्यायचे.

"मी आपली बोट बघीन."

"वेडा रे वेडा," बाबा म्हणायचे. "बोट बघायला उतरायचं कशाला? बसलायस तिच्यातच."

मी मोठ्याने हसायचे. तो रुसायचा नाही, पण उत्तरही बदलायचा नाही. आता वाटतं, त्याचं म्हणणं सरळ होतं. भाऊच्या धक्क्यावर बोट इतकी जवळ असायची की नुसती भिंत दिसायची. जयगडला पोचेपर्यंत अंधार व्हायचा आणि परतीची बोट यायची तीही अंधारातच. आपण जिच्यातून एवढे जातो ती दिसते कशी, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

जयगडला पडावात उतरताना बाबा एक गोष्ट दर वर्षी सांगायचे. खाली होडी वरखाली होत असायची, आणि लोक घाबरून ती खाली असतानाच उडी टाकायचे. बाबा म्हणायचे, "तिच्यामागे जायचं नाही. ती वर येते. आली की पाय टाकायचा." आम्ही शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहायचो, ती वर यायची, आणि आम्ही नुसतं चालल्यासारखे तिच्यात जायचो.

मग त्या बोटी बंद झाल्या. आम्ही एसटीने जाऊ लागलो, पुढे कोकण रेल्वेने. बाबा गेले. मधल्या काळात मी इंग्रजी शाळेत शिकले, नोकरी केली, मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये घर घेतलं. मामाआजोबा गोडदेवला राहायला आले. एका रिक्षाच्या अंतरावर आम्ही म्हातारे झालो.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली, हात परत आला, डावा पाय मात्र ओढत राहिला. तुमच्या मामीआजी गेल्यापासून ते एकटेच, त्यामुळे रविवारी जेवायला माझ्याकडे. या भाऊबीजेला मी ओवाळलं तर ताटात काहीच घातलं नाही.

"विसरलास?" मी म्हटलं.

"ओवाळणी बोटीवर," ते म्हणाले. "दोघांची जागा बघितलीय. मुंबई, गोवा, लक्षद्वीपचं एक बेट आणि परत. ताई, पाय आहे तोवर मला एकदा उतरून ती बघायचीय."

कोणती, हे मला विचारावं लागलं नाही.

तुमच्या आजोबांनी येणार नाही म्हणून लगेच सांगून टाकलं. त्यांना बोट लागते. वसईच्या खाडीचा पूल ओलांडतानासुद्धा ते तोंडासमोर पेपर धरतात.

तेव्हा पुढचा रविवार आम्ही जेवणाच्या टेबलावर घालवला. मी चष्मा लावून कंपनीची वेबसाइट उघडली. तुम्ही म्हणता ते शोअर एक्स्कर्शन, म्हणजे बंदरावर उतरून करायची सहल. मला असली कामं आवडतात. गोव्याला काय काय, बेटावर काय काय, किती चालणं, बसायला मिळेल का, हे मी एकेक वाचून त्यांना मराठीत सांगत होते.

"परीक्षेचा पेपर आहे का गं हा?"

"निवडायचंय. उशीर केला की जागा भरतात."

"मग निवड तू."

"गोव्याला जुनी चर्च घेऊ. एसी बस आहे, चालणं कमी. बेटावर काचेच्या तळाची बोट. खाली मासे दिसतात."

"मासे बघायला लक्षद्वीपला? भाईंदरच्या बाजारात जा की."

"ते मेलेले असतात."

"ताजे म्हणून देतात आपल्याला."

"तुला काय बघायचंय ते सांग ना मग."

"तुला ठाऊक आहे."

"ते यात नाहीये."

"मग या लोकांना बघता येत नाही," ते म्हणाले आणि ताक पिऊ लागले.

बेटाच्या पानावर खाली बारीक अक्षरांत एक सूचना होती. बेटाला धक्का नाही. बोट लांब उभी राहील, छोट्या मोटरबोटीने जावं लागेल, प्रवाशाने स्वतःच्या पायांनी तिच्यात उतरलं पाहिजे, आणि कोणाला उतरू द्यायचं हे तिथले कर्मचारी ठरवतील. मी हे वाचून दाखवलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आमच्या इमारतीच्या पायरीवर सराव सुरू केला. खरी अडचण अशी, की उजवा पाय पुढे टाकला की मागे उरलेल्या डाव्यावर सगळा भार येई आणि तो थरथरे. मी कोपर धरायचे. वॉचमन खुर्चीवरून बघत असे. एक दिवस त्याने विचारलंच, "आंटी, अंकल को कहाँ भेज रहे हो?"

"कालापानी," मामाआजोबा म्हणाले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या पायरीचा काही उपयोग नाही गं. ही हलत नाही."

निघायच्या दिवशी काशीमीऱ्याला टॅक्सी ट्रकांमध्ये अडकली. माझा जीव वरखाली होत होता, ते खिडकीतून गॅरेजवाल्यांच्या पाट्या वाचत होते. बंदरावर पोचलो, तपासणी झाली, बोटीत शिरलो. शिरताना ते मान वर करून बघत होते. परत भिंतच. पांढरी होती, एवढंच.

गोव्याला जे झालं ते तुमच्या आईला मी अर्धंच सांगितलंय. सकाळी बोट धक्क्याला लागली. आमची बस नऊला होती. नाश्ता लवकर आटपून आम्ही वरच्या डेकवर कठड्याशी दोन खुर्च्या धरल्या. ऊन कोवळं होतं. समोर नदीचं तोंड, खनिज भरलेले बार्ज, टेकडीवर माड आणि कौलं.

"ताई, इथे उतरलो असतो तर काय पाहिलं असतं?"

बाबा गेल्यानंतर हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मी टेकडीवरचं एक निळं घर निवडलं. ते म्हणाले, त्या घरात कोणी राहत नाही, दारं बंद आहेत. मी म्हटलं, दुपारी झोपायला बंद केली असतील. ते म्हणाले, सकाळी नऊला कोण झोपतं. मी म्हटलं, तू. मग बाबांच्या सतरंजीची आठवण निघाली, आईच्या लिंबाची निघाली, डेकवर भजन म्हणणाऱ्या एका जाड बाईंची निघाली. लाउडस्पीकरवर मधूनमधून काहीतरी सांगत होते. आम्ही ऐकलं नाही असं नाही. पण लहानपणापासून आमच्या डोक्यात पक्कं होतं, की बंदर आलं की त्या हाका उतरणाऱ्यांसाठी असतात. आम्ही पुढचे.

खालून एक मोठी निळी बस वळून बाहेर पडली.

"काय मस्त बस आहे बघ," ते म्हणाले.

मी बसचा नंबर बघितला, मग पर्समधलं कार्ड बघितलं. "आपली आहे."

इतक्या व्यवस्थित बाईच्या हातून बस सुटली म्हणून ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. धक्क्यावर तरी उतरू या, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "इथून भिंतच दिसणार. बेटावर बघू."

संध्याकाळी तुमच्या आजोबांचा फोन आला. "चर्च कशी होती?"

"बाहेरून छान," मी म्हटलं.

आता एकच बंदर उरलं होतं. बेट आलं त्या सकाळी वारा होता. बोट लांब उभी राहिली. खालच्या मजल्यावर, पाण्याच्या जवळ, भिंतीत एक दार उघडलं होतं आणि दाराबाहेर मोटरबोट वरखाली होत होती. आमच्या पुढचे लोक कर्मचाऱ्यांचे हात धरून, किंचाळत, हसत जात होते. दाराशी एक तरुण मुलगी उभी होती, कंपनीच्या गणवेशात. तिने आधी काठी बघितली, मग पाय.

"अंकल, आज पानी थोड़ा उछल रहा है. आप ऊपर आराम कीजिए ना. अगली बार."

"बेटी, अगली बार तक तो यह पाँव भी रिटायर हो जाएगा."

ती हसली, पण बाजूला झाली नाही. मागची रांग चुळबुळ करू लागली. मी इंग्रजीत बोलायला तोंड उघडलं होतं, सूचनेत काय लिहिलंय आणि काय नाही हे सांगायला. तेवढ्यात त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि तिला म्हणाले, "सिर्फ एक बार देख लो. ठीक नहीं लगे तो वापस."

तिने मोटरबोटीतल्या दोन खलाशांना खूण केली. ते हात पुढे करून उभे राहिले. मामाआजोबा उंबऱ्यावर आले. बोट खाली गेली. खलाशी म्हणाले, "आओ, आओ." ते हलले नाहीत. बोट वर आली, पण पुरती नाही, परत खाली गेली. मुलगी म्हणाली, "अंकल?"

"ती वर येते," मी मागून म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले.

ती उंबऱ्यापर्यंत वर आली. पायरीच उरली नाही. त्यांनी उजवा पाय टाकला आणि डावा त्याच्यामागून ओढून घेतला, रोज घरातल्या घरात चालतात तसा. खलाशांना फक्त दंड धरावे लागले. मी काठी त्या मुलीच्या हातात देऊन मागोमाग गेले. तिने ती माझ्यामागून आत दिली.

बेटावर उतरलो तेव्हा आमच्या सहलीचा माणूस पाटी धरून उभा होता. काचेच्या बोटीवाले इकडे, पोहणारे तिकडे, माडाचा काथ्या वळतात ते बघणारे त्या शेडमध्ये. सगळे आपापल्या पाटीकडे गेले. मामाआजोबा किनाऱ्यावर पडलेल्या माडाच्या एका ओंडक्यावर बसले, बेटाकडे पाठ करून.

लांब, हिरव्या पाण्यापलीकडच्या निळ्या पाण्यात बोट उभी होती. नाकापासून शेपटीपर्यंत सगळी.

मी शेजारी बसले. मग विचारलं, "कशी आहे?"

"लहान आहे गं."

"लांब आहे म्हणून."

"ते झालंच. पण एवढ्याशा वस्तूत बाबा आपल्याला घेऊन बसायचे. दिवसभर. समुद्रात." मग म्हणाले, "त्यांना भीती वाटत असेल का रे, असं मला कधी वाटलंच नाही."

मला ते रे म्हणाले. लहानपणी आम्ही दोघं एकमेकांना तसंच म्हणायचो.

पाटीवाल्याने परत हाक मारली. मी ऐकली, पण उठले नाही.

"जा," ते म्हणाले. "तुला मासे बघायचेत ना?"

"राहू दे."

"जा गं. मी काय पळतोय? आणि ती तर नांगरलेली आहे."

मी गेले. काचेखालून मासे जात होते. पिवळे, पट्ट्यांचे, एक अगदी निळा, भाईंदरच्या बाजारात कधी न येणारा. मी ते नीट पाहिले, एकेक, कारण मी ते निवडले होते. एकदा मात्र मान वर करून किनाऱ्याकडे बघितलं. पांढऱ्या वाळूवर एक ओंडका, ओंडक्यावर एक माणूस, काठी मांडीवर आडवी. मी हात केला. त्यांनी केला नाही. ते बघत होते.