गार लागलेला टायर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. कुणाच्या अंगात आलं की तिला सावलीत बसवून पाणी पाजणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं. हसायचं तर हसा.

आम्ही शिरूर कासारकडचे. मागच्या हंगामात ऊसतोडीला कडा गावाच्या बाजूला होतो. ट्रॅक्टर घरचा, आणि नवऱ्याची पाठ धरल्यापासून तो मीच चालवते. टोळीचे मुकादम म्हणजे माझे चुलत सासरे, अण्णा.

हंगामाची शेवटची खेप म्हणजे आमच्यात सणच. ट्रॉलीला फुगे, गुलाल, स्पीकर... आणि ऊस इतका चढवायचा की कारखान्यावर लोकांनी माना वर करून बघावं. त्या ढिगावर टोळीतली बायका-पोरं बसणार, ही दरसालची रीत. ट्रॅक्टर ओढतोय म्हटल्यावर टायर पेलणारच, असं सगळे धरून चालतात. टायर किती वजन पेलेल ते त्याच्या अंगावरच छापलेलं असतं — पण वाचतंय कोण!

भर दुपारी फडातून ट्रॉली डांबरीवर आणली आणि थांबले. माणसं तिथेच चढायची होती. माझी धाकटी जाऊ सुनंदा, तान्ही लेक पोटाशी बांधून, सगळ्यांच्या आधी वर जाऊन बसलीसुद्धा. माझी सवय अशी की थांबलं की ट्रॉलीच्या चारही टायरांना हात लावून बघायचा. तीन चांगले तापलेले होते. मागचा उजवा... गार. माठाला हात लावावा तसा गार.

पुन्हा लावला. गारच. अण्णांना बोलावलं. त्यांनी हात टेकवला आणि झटकन मागे घेतला.

"पोळला की गं! गार कुठं हाय?"

नवऱ्यालाही गरमच लागला. हवा बघितली, बरोबर होती. मी तिसऱ्यांदा हात लावला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. खोटं कशाला बोलू, लई घाबरले मी.

"सुनंदा, खाली उतर. समदेच उतरा."

"कावून?" सुनंदा वरूनच ओरडली.

"आधी उतर. मग सांगते."

अण्णा भडकले. "सूनबाई, सणाच्या दिवशी आसं करत्यात का? गाव हसंल आपल्याला."

"हसू द्या. वर एक जरी माणूस बसलं तर ही किल्ली घ्या, मी न्हाई चालवत. आन् ऊस बी कमी करा."

दुसरं कोणी चालवणारं नव्हतं, म्हणून माझं चाललं. गुलाल फासलेली माणसं मला शिव्या घालत मोळ्या उतरवू लागली. सुनंदा रुसली. ती सगळ्यांबरोबर मागून पायी निघाली.

पुढे ओढ्याच्या पुलाकडे उतार आहे. मी अगदी हळू होते, तरी धाडकन आवाज झाला आणि ट्रॉली एका अंगावर कलंडली. सुनंदा बसली होती त्या बाजूचा सगळा ऊस रस्त्याकडेच्या खोल चरात गेला. ट्रॉलीचा लोखंडी कठडा त्याच्यावर पडला. मागची माणसं धावत आली आणि तिथेच थिजली. सुनंदा लेकीला घट्ट धरून माझ्याजवळ आली आणि हमसून हमसून रडली. मीही रडले.

आता ऐका. फुटला तो मागचा डावा टायर. मला गार लागलेला उजवा धडधाकट होता. फुटलेला टायर बघून पंक्चरवाला म्हणाला, "रोजच्या जादा वजनानं आतून कधीच कामातून गेलता ह्यो. तापला आन् फुटला." म्हणजे धोक्याचा टायर गरम होता, आणि त्याला हात लावून मला काहीच वाटलं नव्हतं! मग चांगला टायर गार का लागला? एका डॉक्टरांना विचारलं. उन्हात नसांना असं होतं म्हणाले. होत असेल. मग बाकीच्या तीन टायरांना हात लावताना का नाही झालं?

अण्णा म्हणतात देवीने राखलं. नवरा म्हणतो, तुझ्या मनात आधीच शंका असणार. मला विचाराल तर मला काहीच सांगता येत नाही. खूप डोकं खाजवून झालं.

यंदाच्या शेवटच्या खेपेला ऊस मोजकाच भरला. निघताना चारही टायरांना हात लावला. चारही गरम.

"मंग आता बसू दे की बायकांना वर," अण्णा म्हणाले.

"न्हाई," म्हटलं आणि ट्रॅक्टर चालू केला. टायर गार लागायची वाट मी आता बघत नाही.