चौदा नंबरच्या पिशवीतली कुसळं

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ जमेल तसं लिहिलंय, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. लग्न होऊन इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आल्यावर मराठीत काही लिहायला मला कुणी सांगितलं नाही.

तर, चौदा नंबरच्या पिशवीचं सील मी कापलं होतं आणि अमेयसर समोर उभे होते.

"काकू, हे काय केलंत तुम्ही?"

मी कात्री खाली ठेवली. मला पटकन बोलता येत नाही. मराठीतसुद्धा नाही.

सील म्हणजे नंबर छापलेली प्लास्टिकची पट्टी. एकदा ओढली की सुटत नाही, कापावीच लागते. आमची कंपनी लांबच्या मोहिमांवर जाणाऱ्या लोकांचे कपडे धुऊन, तपासून, पिशव्यांत बंद करून देते. ही चाळीस जॅकेटं दक्षिण जॉर्जियाला निघाली होती. पार खाली अंटार्क्टिकाच्या बाजूला हे बेट आहे. तिथे कायमचं कुणीच राहत नाही. थोडे अधिकारी आणि शास्त्रज्ञ पाळीपाळीने येऊन जातात. बाकी पेंग्विन.

माणूस नाही, पण सरकार आहे. बेट ब्रिटनचं आणि त्याचे कमिशनर समुद्रापलीकडे दुसऱ्याच बेटावर बसतात. तिथून कायदे होतात, मासेमारीचे परवाने निघतात, बेटाच्या नावाची पोस्टाची तिकिटंही छापली जातात. मतदार एकही नाही, त्यामुळे कारभार सुरळीत असावा. आमच्या कंपनीत साठ माणसं आहेत आणि टॉयलेटचा दिवा कोणत्या डिपार्टमेंटने बदलायचा हे अजून ठरलेलं नाही.

त्या सरकारचा एक नियम मात्र मला पहिल्या दिवशीच पटला. बायोसिक्युरिटी. म्हणजे बाहेरचं बी, माती, किडा, उंदीर बेटावर येऊ द्यायचा नाही. पूर्वी जहाजांतून उंदीर उतरले आणि त्यांनी पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाल्ली. ते संपवायला पुढे हेलिकॉप्टरांतून विष टाकावं लागलं. म्हणून आता तिथे पाय ठेवण्याआधी खिसे, मोजे, बुटांचे तळ, सगळं बघतात.

आमच्याकडे यासाठी फॉर्म होता. व्हॅक्यूम केलं, टिक. तपासलं, टिक. धुतलं, वाळवलं, सील लावलं, टिक, टिक, टिक. अडचण एवढीच झाली की त्या आठवड्यात कपडे वाळवायच्या खोलीचा हीटर बंद पडला. मग जॅकेटं मागच्या कुंपणावर वाळत घातली. ऑगस्ट महिना. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर वाळलेलं गवत.

मी धीर करून अमेयसरांकडे गेले होते. ते पुण्याचे, क्वालिटी मॅनेजर. माझ्या धाकट्यापेक्षा लहान, पण मॅनेजर म्हणून मी त्यांना सर म्हणते आणि ते मला काकू म्हणतात.

"सर, जॅकेटांना कुसळं लागली असतील. परत बघू का?"

"काकू, इन्स्पेक्शन झालंय ना?"

"ते वाळवायच्या आधी झालं."

"बरोबर. प्रोसेसमध्ये ते आधीच असतं. नंतर बघायला फॉर्ममध्ये कॉलम कुठाय?"

कॉलम नव्हता, हे खरंच होतं. मी परत कामाला लागले.

पण झोप लागेना. मी खटाव तालुक्यातली. लहानपणी रानातून आलं की परकराला कुसळं लागलेली असायची आणि आई बाभळीच्या काट्याने एकेक काढायची. कुसळ झटकून पडत नाही. ओढलं तर आणखी आत शिरतं. टोकाकडून मागे ढकलावं लागतं. ही विद्या मला येते. आणखी फारशी येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चौदा नंबर उघडला. मनगटाच्या वेल्क्रोत सात निघाली. स्टीलच्या डबीत घालून मी ती सरांसमोर धरली.

ते डबीकडे न बघता म्हणाले, "सील नंबरांची लिस्ट क्लायंटला गेलीय! आता नंबर मॅच होणार नाही. काँट्रॅक्ट गेलं तर माझा व्हिसाही गेला, कळतंय का तुम्हाला?"

"सर, सात निघाली."

"घरी जा काकू. चौकशी होईपर्यंत बिनपगारी."

बिनपगारी हा कॉलम मात्र होता. मी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघाले.

घरी आठ दिवस बसले. यांना सांगितलं, काम कमी आहे. या वयात दुसरीकडे कोण घेणार, तेही चौथी पास आणि तोंडातून शब्द न निघणारी? रोज बाराच्या सुमाराला डबा उघडून एकटीच जेवायची. सवय.

आठव्या दिवशी फोन आला.

"काकू, उद्या येता का? आणि... येताना सुई घेऊन या."

मोहिमेच्या हेलनबाई माल ताब्यात घ्यायला आल्या होत्या. लिस्टवर चौदाचा एक नंबर, पिशवीवरच्या नव्या सीलचा दुसरा. त्यांनी कारण विचारलं. सरांना दुसरं काही सुचेना, त्यांनी डबी पुढे केली. बाईंनी एक कुसळ उजेडात धरलं आणि चाळीसच्या चाळीस पिशव्या उघडायला सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी कुसळांनी चहाचा अर्धा मग भरला. एकट्या हेलनबाई शेजारी बसून बघत होत्या.

"हाऊ डिड यू नो?"

"साडी," मी म्हणाले; परकर त्यांना कळला नसता. "ग्रास. सेम."

त्या हसल्या. मग सरांकडे वळून म्हणाल्या, तिथे किनाऱ्यावर यातलं एक जरी सापडलं असतं तरी माझ्या माणसांना जहाजावरच बसवलं असतं. वर्षभराची तयारी वाया. सर मान हलवत म्हणाले, "म्हणूनच आम्ही इंटर्नल सरप्राइज चेक ठेवतो."

मी सुईत दोरा ओवत राहिले. काम नव्हतं, पण नजर कुठेतरी ठेवायला हवी होती.

काँट्रॅक्ट राहिलं. सरांचा व्हिसा राहिला. माझी नोकरी राहिली. कंपनीने ताबडतोब उपायही केला: फॉर्ममध्ये नवा कॉलम आला, "बाहेर वाळवले का? हो/नाही." हीटर अजून बंदच आहे. यातून मी एवढंच शिकले की, जिथे कुणीच राहत नाही त्या बेटाची काळजी घ्यायला लोक आहेत, कायदे आहेत. आपण राहतो तिथे आपली सुई आपणच बाळगावी.

आठ दिवसांचा पगार मात्र अडकला. "आमची चूक झाली" असा पर्याय पेरोलच्या सिस्टीममध्ये नव्हता. पहिल्या महिन्यात तीन दिवसांचे आले, दुसऱ्यात काहीच नाही. तिसऱ्या महिन्यात उरलेले पाच दिवस "बोनस" म्हणून जमा झाले. मी पेस्लिप दोनदा बेरीज करून बघितली. पेनी न पेनी बरोबर होती.